घराचा आवाज घरातच राहावा

गौरी-गणपतीचे दिवस जवळ आले की मुंबई-गोवा महामार्गावरून माणसांचा लोंढा कोकणाकडे वाहू लागतो. त्यातला एक लहानसा ओहोळ पोलादपूरला महामार्ग सोडतो आणि सह्याद्रीच्या अंगाला लागतो. वळणे घेत, चढ चढत, धुके कापत तो कुडपणला येऊन थांबतो. भीमाची काठी नावाचा सुळका, पावसाळ्यात धो धो कोसळणारा धबधबा आणि भाद्रपदातही दाराशी येऊन उभे राहणारे ढग यांसाठी हे गाव ओळखले जाते. अलीकडे पर्यटकही येऊ लागले आहेत. परंतु आम्हां चाकरमान्यांना कुडपण म्हणजे वर्षातून एकदा भरणारे घर.

लोकपरंपरेने या गावाला आणखीही एक ओळख दिली आहे. हे शेलारमामांचे गाव. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री सिंहगडावर तानाजी मालुसरे पडल्यावर ज्या वृद्ध वीराने मावळ्यांना सावरले, असे परंपरा सांगते, ते शेलारमामा. तानाजींचे उमरठही याच तालुक्यात आहे. पण शेलारमामांचा चेहरा कसा होता, आवाज कसा होता, हे कोणाला ठाऊक आहे? त्या काळी ते टिपून ठेवण्याचे साधनच नव्हते. तुळशीदास शाहिराने सिंहगडाचा पोवाडा रचला, तो एकाच्या कंठातून दुसऱ्याच्या कंठात गेला आणि म्हणून आपल्याला निदान कथा तरी मिळाली.

आज साधने उदंड झाली आहेत. तरीही आपल्या घरचे आवाज आणि चेहरे आपल्या डोळ्यांदेखत हरवत आहेत. हे कसे घडते आणि कसे टाळता येते, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

कोणाकडे आहे ते गाणे?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. गौरी आल्या होत्या. आरती झाली, जेवणे उरकली, माजघरात बायका फेर धरून उभ्या राहिल्या. थोरल्या वहिनींनी गाणे उचलले आणि दोन कडव्यांनंतर त्या अडखळल्या. पुढचे कोणालाच येईना. ते गाणे आमच्या आजीचे. ती ते अखंड अर्धा तास म्हणत असे.

"अहो, आजीचं गाणं कॅसेटवर घेतलं होतं ना? कोणाकडे आहे ते?" वहिनींनी विचारले.

मग शोध सुरू झाला. कॅसेट धाकट्या चुलत्यांच्या डोंबिवलीच्या घरी असल्याचे निघाले. आजीची चित्रफीत पुण्याला आत्याकडे होती. लग्नांची छायाचित्रे एका पुतण्याच्या जुन्या मोबाईलमध्ये होती आणि तो मोबाईल बंद पडलेला. बाल्यांच्या नाचाचे चित्रण कोणी कोणाला पाठवले होते, त्याने ते जागा करण्यासाठी पुसून टाकले होते. एका घराची आठवण दहा ठिकाणी विखुरलेली आणि प्रत्येकजण निश्चिंत, की दुसऱ्याकडे असेलच!

डोंबिवलीची कॅसेट अखेर मिळाली. फितीवर बुरशीचे पांढरे ठिपके धरले होते. कोकणच्या दमट हवेत काढलेली ती वर्षे फितीला भोवली होती. जाणकाराकडून ती हळुवार स्वच्छ करून घेतली, तेव्हा अर्ध्या तासांपैकी अठरा मिनिटे हाती लागली. उरलेले गाणे गेले ते गेलेच. चित्रफितीची कथा वेगळी. फीत शाबूत होती, पण ती लावायला यंत्र मिळेना. ही यंत्रे बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कारखान्याने २०१६ च्या जुलैत उत्पादन थांबवले, हे तेव्हा समजले.

हे दुःख आमच्या एकट्याच्या घरचे नाही. भारतातला पहिला बोलपट 'आलम आरा' १९३१ साली आला. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'चाही काही भागच उरला आहे. जिथे चित्रपटांची ही गत, तिथे घरगुती कॅसेटचा काय पाड?

माजघरातली कणगी

आमच्या शिकलेल्या पुतण्याने त्या वर्षी एक उपाय सुचवला. "काका, आपण घरातच एक साठवण-यंत्र ठेवू. सगळ्यांनी आपापलं त्यात टाकायचं आणि सगळ्यांनी त्यातून बघायचं."

प्रथम मला ते शहरी चोचले वाटले. मग त्याने समजावून सांगितले आणि मला जुनी कणगी आठवली. प्रत्येक सुनेने आपल्या डब्यात भात लपवला तर घर चालत नाही. भात एका कणगीत साठतो आणि ज्याला लागेल तो त्यातून मापाने घेतो. हे यंत्र म्हणजे तशीच कणगी. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'नॅस' म्हणतात. बुटांच्या खोक्याएवढी एक पेटी, तिच्यात दोन किंवा अधिक हार्ड डिस्क आणि एक लहानसा संगणक. पेटीला पडदा नसतो, कळफलक नसतो. एका तारेने ती घरच्या राउटरला जोडली, की घरातला प्रत्येक मोबाईल, संगणक आणि दूरचित्रवाणी संच तिच्याशी बोलू शकतो.

कल्पना नवी नाही. १९५६ साली आय. बी. एम. कंपनीने चकतीवर माहिती साठवणारे पहिले यंत्र आणले. त्यात पन्नास चकत्या होत्या, वजन टनाच्या वर होते आणि मावत होती सुमारे पन्नास लाख अक्षरे. म्हणजे आजच्या मोबाईलने टिपलेले एखादे छायाचित्र! एका संगणकातील साठा दुसऱ्याने जाळ्यावरून वापरावा, यासाठी सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९८४ साली एक पद्धत रूढ केली. ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल या तरुणाने १९९० नंतरच्या दशकाच्या आरंभी 'सांबा' नावाची प्रणाली लिहून निरनिराळ्या जातकुळीच्या संगणकांना एका साठ्याभोवती बसवले आणि ती सर्वांना मोफत दिली. आज घरोघरच्या पेट्यांत तीच परंपरा नांदते आहे.

घागर आणि पाट

पाहणे आणि ऐकणे कसे घडते, तेही समजून घेण्याजोगे आहे. पूर्वी चित्रपट पाहायचा तर तो सारा आपल्या यंत्रात उतरवून घ्यावा लागे. म्हणजे विहिरीवरून घागर भरून घरी आणण्यासारखे. आता पाटाच्या पाण्यासारखे होते. पेटीतून चित्र आणि ध्वनी थोडाथोडा वाहत येतो, संच तो दाखवतो आणि पुढचा मागतो. मोबाईलमध्ये जागा अडत नाही. चार खोल्यांत चारजण चार निरनिराळ्या गोष्टी पाहू शकतात. पेटीत 'जेलीफिन'सारखी एखादी मोफत प्रणाली बसवली, की ती चित्रे, गाणी आणि चित्रफिती नीट मांडून पडद्यावर दाखवते.

आणि इथेच कुडपणसारख्या गावाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट येते. या साऱ्याला इंटरनेट लागत नाही! आमच्या घरी डोंगराच्या आड मोबाईलची रेघ कधी येते, कधी जाते. जोराच्या पावसात तर ती जातेच. परंतु राउटर आणि पेटी यांच्यातला व्यवहार घरच्या घरात चालतो. उत्तम प्रतीच्या चित्रपटाला सेकंदाला पाच ते दहा मेगाबिट पुरतात. साध्या तारेच्या जोडणीतून आज हजार मेगाबिट वाहू शकतात. जगाशी संबंध तुटला तरी आजीचे गाणे माजघरात ऐकू येते.

साठ्याचा हिशेबही घाबरवणारा नाही. एका तासाची कॅसेट उत्तम प्रतीत उतरवली तर सुमारे सहाशे मेगाबाइट होते आणि एक कणही न गाळता आवळून ठेवली तर त्याच्या निम्म्याच्या आसपास. अशा चाळीस कॅसेट चार टेराबाइटच्या डिस्कच्या शंभराव्या हिश्शातही बसतात. जागा खातात ती मोबाईलवरची चित्रणे. तासाला चार ते आठ गिगाबाइट. म्हणून निवड करावी. विसर्जनाच्या मिरवणुकीची तीस चित्रणे ठेवण्यापेक्षा तीन ठेवावीत आणि त्यांत कोण कोण आहे, ते लिहून ठेवावे.

लिहून ठेवणे हा या कामातला सर्वांत दुर्लक्षित भाग. मोबाईलने दिलेल्या आकड्यांच्या नावाखाली पडलेले छायाचित्र वीस वर्षांनी कोणाला ओळखू येणार? आम्ही वर्षाचा एक कप्पा केला, त्यात प्रसंगाचा कप्पा केला आणि प्रत्येक जुन्या छायाचित्रासमोर आत्याला बसवून नावे विचारून घेतली. ती संध्याकाळ गणपतीपुढच्या भजनाइतकीच रंगली. "हा बघ, हा तुझा आजा, आणि हा त्याच्या मांडीवर तूच की रे!" हे वाक्य मी साठीत ऐकले.

एक व्यवहाराची सूचना. नव्या मोबाईलवरील चित्रणे ज्या नव्या पद्धतीने आवळलेली असतात, ती जुन्या दूरचित्रवाणी संचाला उलगडत नाहीत. मग पेटीला ती वाहता वाहता बदलून द्यावी लागतात आणि स्वस्त पेटीचा जीव तेवढा नसतो. चित्र अडखळू लागते. तेव्हा घरातला सर्वांत जुना संच कोणता, हे पाहूनच चित्रणे साठवण्याची पद्धत ठरवावी.

आरसा म्हणजे प्रत नव्हे

पहिल्या वर्षी आम्ही फुशारलो होतो. पेटीत दोन डिस्क होत्या आणि एकीवर जे लिहिले जाई, तेच दुसरीवरही लिहिले जाई. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी १९८८ साली ज्या निबंधात अशा रचनांची मांडणी केली, त्याचे सार एवढेच, की चकती कधीतरी बिघडणारच, म्हणून एकीचा भार दुसरीने उचलावा. आम्हांला वाटले, आता चिंता मिटली.

दुसऱ्या वर्षी घरातल्या एका लहानग्याने खेळता खेळता 'गौरीची गाणी' हा सबंध कप्पा पुसला. आरशासमोरची वस्तू हलवली की आरशातलीही हलते. तसे दुसऱ्या डिस्कवरूनही तो कप्पा त्याच क्षणी गेला. ज्या अठरा मिनिटांसाठी एवढा खटाटोप केला, तीच नाहीशी झाली! त्या रात्री घरात कोणी कोणाशी बोलले नाही. मुलाला कोणी रागावलेही नाही, कारण चूक त्याची नव्हतीच. दार उघडे ठेवणारे आम्हीच होतो.

आत्याने वाचवले. तिने पुण्यात ऐकण्यासाठी म्हणून तो कप्पा एका वेगळ्या डिस्कवर नेला होता. त्या दिवसापासून आमच्या घरात एक नियम आला. पीटर क्रोग या छायाचित्रकाराने तो २००५ च्या सुमारास सांगितला आणि आज जगभर तो 'तीन, दोन, एक' या नावाने मानला जातो. प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि निदान एक प्रत दुसऱ्या गावी असावी.

दुसऱ्या गावी कशासाठी, हे या तालुक्यातल्या माणसाला सांगावे लागू नये. २२ जुलै २०२१ चा दिवस महाड-पोलादपूर विसरलेले नाही. सावित्रीच्या पुराने महाड शहर बुडाले. त्याच दिवशी तळिये येथे डोंगर खाली आला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात साखर-सुतारवाडी आणि केवनाळे येथेही दरडींनी बळी घेतले. माणसांच्या हानीपुढे वस्तूंचे नाव काढू नये, हे खरे. पण जे मागे राहतात, त्यांच्यापाशी गेलेल्यांचे एखादे छायाचित्र तरी असावे, एखादे हसणे तरी ऐकू यावे, ही भूक खोटी नाही. घराबरोबर भिंतीवरची तसबीरही गेली, तर स्मरण कशाला धरून करायचे? दरडीला आणि पुराला डिस्क एक की दोन, हे कळत नाही. दूरच्या गावची प्रतच तिथे कामी येते.

शिवथरघळीचा धडा

हा विचार आपल्याला परका नाही. महाड तालुक्यातल्याच शिवथरघळीत समर्थ रामदासांनी दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी लिहून घेतला, अशी परंपरा आहे. त्या ग्रंथाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. पानाच्या भोवती मोकळी जागा सोडावी, म्हणजे कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागणार नाही, असा उपदेश समर्थांनी त्यात केला आहे. कागद झिजणारच, हे धरून चालणारी ही दृष्टी. पुढे मठामठांतून पोथीच्या प्रती झाल्या. कल्याणस्वामींच्या डोमगावच्या मठाने हस्तलिखित जपले. ग्रंथ एका जागी अडकून पडला नाही, म्हणून तो आपल्या हाती आला.

आवाजाच्या बाबतीतही अशी तपश्चर्या महाराष्ट्रात झाली आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. बर्नार बेल यांनी त्यांतील अनेकींचे ध्वनिमुद्रण केले. पुढे 'पारी' या संग्रहाने त्या ओव्या सर्वांना ऐकण्यासाठी खुल्या केल्या. गिरणी आली, जाते थांबले, पण ज्यांनी वेळीच ऐकून ठेवले, त्यांच्यामुळे ते आवाज राहिले. मात्र तुमच्या-माझ्या आजीपर्यंत कोणी संशोधक पोचेलच असे नाही. ते काम घरच्यांनीच करायचे आहे.

कोणी पाहावे, कोणी पाहू नये

साठवणे झाले, आता वाटणे. आमची मुख्य पेटी डोंबिवलीला असते. पुण्याहून आत्या आणि परदेशातली भाची ती उघडू शकतात, पण थेट नव्हे. बाहेरच्या जगाला पेटीचे दार उघडे टाकणे म्हणजे बाजाराच्या दिवशी घराला कुलूप न लावणे. २०२२ च्या जानेवारीत 'डेडबोल्ट' नावाच्या खंडणीखोर प्रणालीने जगभरातील हजारो घरगुती पेट्या अशाच उघड्या दारांतून शिरून कुलूपबंद केल्या आणि सोडवणुकीसाठी पैसे मागितले. म्हणून खाजगी बोगद्यासारखी 'व्ही. पी. एन.' ही वाट वापरावी, प्रत्येकाला वेगळा परवलीचा शब्द द्यावा, पाहण्याचा अधिकार सर्वांना आणि पुसण्याचा एखाद्यालाच असावा, आणि पेटीची प्रणाली वेळच्या वेळी अद्ययावत करावी.

मर्यादेचा प्रश्न केवळ चोरांचा नाही. आजीचे एक गाणे बाहेर देण्याला आत्याने ठाम नकार दिला. "ते सुनांनी सुनांपाशी म्हणायचं गाणं आहे. ते पोराटोरांच्या मोबाईलवर नको." आम्ही ते वेगळ्या कप्प्यात ठेवले. वस्तू आपल्या पेटीत आहे, म्हणून ती वाटण्याचा हक्क आपला होत नाही. बाजारातल्या चित्रपटांचेही तसेच. आपल्या घरात पाहण्यासाठी जवळ ठेवणे वेगळे आणि वाडीभर वाटत सुटणे वेगळे. १९५७ चा प्रताधिकार कायदा हा भेद जाणतो, आपणही जाणावा.

खर्चाविषयी दोन शब्द. लहान पेटी साधारण वीस वॅट वीज घेते. अहोरात्र चालली तर महिन्याला चौदा-पंधरा युनिट होतात. वीज अचानक गेली तर लिहिणे अर्धवट राहून साठा बिघडण्याची भीती असते, म्हणून जोडीला बॅटरीवर चालणारा 'यू. पी. एस.' हवाच. ज्यांना एवढाही खर्च जड वाटेल, त्यांनी २०१२ पासून मिळू लागलेला 'रास्पबेरी पाय' हा तळहाताएवढा संगणक आणि एक डिस्क यांवर आरंभ करावा. आमच्या कुडपणच्या घरी तेच आहे.

प्रतीची तिथी

आता गणपतीला गावी निघताना आमच्या सामानात आणखी एक वस्तू असते. डोंबिवलीच्या पेटीतला वर्षभराचा साठा एका डिस्कवर उतरवून, हवाबंद डब्यात ओल शोषणाऱ्या पुड्यांसह ती आम्ही कुडपणला नेतो. गेल्या वर्षीची डिस्क तिथून परत आणतो, ती नीट चालते का ते तपासतो आणि पुढच्या वर्षी तिच्यावर नवी प्रत काढतो. जे काम 'कधीतरी करू' म्हणून राहते, त्याला या सणाने तिथी दिली. मूर्ती दरवर्षी नवी येते, विसर्जित होते आणि तरीही परंपरा अखंड राहते. प्रतीचेही तसेच आहे. कुठलीच डिस्क चिरंजीव नाही. वर्षावर्षाला नवी प्रत काढण्याची शिस्त तेवढी चिरंजीव ठेवता येते.

आणखी एक गोष्ट आम्ही केली. परवलीचे शब्द कागदावर लिहून ते पाकीट घरातल्या दोन तरुण माणसांच्या हाती दिले. मी आज आहे, उद्या नसेन. किल्ली माझ्याबरोबर गेली तर कणगी भरलेली असूनही घर उपाशी राहील.

गेल्या गौरीला माजघरात पुन्हा फेर झाला. पडदा लावला नाही; वहिनींनी तसे बजावलेच होते. फक्त ध्वनिवर्धकावर आजीचा आवाज सुरू केला. अठरा मिनिटे ती म्हणत होती आणि बायका तिच्यामागून म्हणत होत्या. एकोणिसाव्या मिनिटाला फीत जिथे संपते, तिथे आवाज तुटला. क्षणभर शांतता पसरली. मग आत्याने, तिला जेवढे आठवत होते तेवढे, पुढचे कडवे उचलले.

कोपऱ्यात बसलेल्या पुतण्याने मोबाईल सुरू केला होता. आत्याची परवानगी त्याने आधीच घेतली होती.

वाचकहो, या गणपतीत आपल्या घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाशेजारी अर्धा तास बसा. यंत्र नंतर घेता येईल. ऐकायचे आहे ते आज. आणि ऐकलेले घरी आणल्यावर त्याच्या तीन प्रती करायला मात्र विसरू नका.